भाजी मागवली, पोळ्यांची कणीक भिजली: एनममधले बिट फ्लॅग तपासताना नेमकं काय विचारायचं

नारायण पेठेत आमच्या ओळखीच्या एक काकू मेस चालवतात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक एमपीएससीची तयारी करणारी पोरं, कॉट बेसिसवर राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. काहीजण मेसवर येऊन जेवतात, काहींना डबा जातो, आणि डबा म्हटलं की प्रत्येकाचं वेगळं. कुणाला फुल डबा, म्हणजे पोळी भाजी आमटी भात. कुणाला हाफ, म्हणजे नुसती पोळी-भाजी. कुणी रूमवर कुकर लावतो त्याला फक्त भाजी हवी असते, कुणाला भात चालत नाही. हे सगळं काकूंच्या वहीत होतं, मी त्यांना त्याचं छोटं अॅप करून दिलं आणि त्यात एका ओळीत चूक केली. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला, "अरे, पोळ्यांचा आकडा जास्त येतोय बघ, रोज वीसेक पोळ्या उरतायत, कणीक तर तुझ्या आकड्यानेच भिजवली होती."

ती चूक बिट फ्लॅग तपासण्यातली होती. नंतर बघितलं तर हीच चूक मला ऑफिसच्या कोडमध्येही सापडली, चांगल्या अनुभवी लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये, म्हणून नीट बसून लिहितोय.

आधी एनम म्हणजे काय ते पटकन. एनम म्हणजे आकड्यांना दिलेली नावं. सोमवार म्हणजे ०, मंगळवार म्हणजे १ असं. साध्या एनममध्ये एका वेळी एकच किंमत असते, आज सोमवार असेल तर मंगळवार नसतो. पण डब्याचं तसं नाही ना, डब्यात पोळीही असते आणि भाजीही असते, एकाच वेळी. मग पोळी आहे का यासाठी एक हो-नाही, भाजीसाठी एक, आमटीसाठी एक, भातासाठी एक, असे चार वेगळे कॉलम ठेवता येतात, किंवा ही चारही उत्तरं एकाच आकड्यात बसवता येतात. दुसरा प्रकार म्हणजे बिट फ्लॅग.

एका आकड्यात चार उत्तरं कशी बसतात हे समजायला आपल्याकडे शाळेतलंच एक उदाहरण आहे आणि मला ते फार आवडतं. वृत्तं शिकताना गण पाडायचो आठवतंय? यमाताराजभानसलगा. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर एकतर लघु नाहीतर गुरु, तिसरा पर्याय नाही. तीन जागा, प्रत्येक जागेला दोन शक्यता, म्हणून २ × २ × २ = ८ गण, एकही कमी नाही की जास्त नाही. य गण म्हणजे लघु-गुरु-गुरु, न गण म्हणजे तिन्ही लघु, म गण म्हणजे तिन्ही गुरु. आता लघुच्या जागी ० लिहा आणि गुरुच्या जागी १ लिहा, झाले तीन बिट. य गण म्हणजे ०११. कुठला गण आहे एवढं एक अक्षर सांगितलं की तिन्ही जागांवर काय आहे ते कळतं, तसंच एक आकडा सांगितला की सगळ्या जागांवर काय आहे ते कळतं. आपल्या डब्याला चार जागा लागतात, म्हणजे १६ प्रकारचे डबे. साध्या इंटीजरमध्ये ३२ जागा असतात, तिथे हीच संख्या ४,२९,४९,६७,२९६ होते, मेसला पुरून उरेल.

आता एनम असं लिहिलं:

काहीनाही = ०
पोळी = १
भाजी = २
आमटी = ४
भात = ८
हाफ = पोळी | भाजी
फुल = हाफ | आमटी | भात

किंमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत गेल्यात कारण बायनरीत लिहिल्यावर त्या ०००१, ००१०, ०१००, १००० होतात, म्हणजे प्रत्येकीत एकच १ आणि तोही वेगळ्या जागी. कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. मधली उभी रेघ म्हणजे ऑर, दोघांपैकी कुठेही १ असेल तर उत्तरात १. म्हणून हाफ झाला ००११ म्हणजे ३, आणि फुल झाला ११११ म्हणजे १५.

इथे सी शार्प ही भाषा वापरणाऱ्यांचा एक गैरसमज मी पुन्हा पुन्हा बघितलाय. एनमच्या डोक्यावर फ्लॅग्जचं अॅट्रिब्यूट लावलं की किंमती आपोआप दुप्पट होत जातील असं वाटतं, तसं अजिबात होत नाही. ते अॅट्रिब्यूट मुख्यतः छापताना उपयोगी पडतं, ११ ऐवजी नावं स्वल्पविराम देऊन दिसतात आणि वाचणाऱ्याला हेतू कळतो. किंमती तुम्ही दिल्या नाहीत तर त्या ०, १, २, ३ अशाच पडणार, म्हणजे पोळी ०, भाजी १, आमटी २, भात ३. आता ३ म्हणजे १ आणि २ मिळून, मग भात मागवला की भाजी-आमटी दोन्ही मागवल्यासारखं दिसणार, आणि पोळी तर ० असल्याने कधी दिसणारच नाही. किंमती हाताने द्या, किंवा १ << ०, १ << १, १ << २ असं शिफ्ट करून, म्हणजे १ ला तितक्या जागा डावीकडे सरकवून द्या. पायथॉनमध्ये ३.६ पासून फ्लॅग नावाचा वेगळा एनम आहे, त्यात ऑटो वापरलं की खरोखर दुप्पट होत जातं, तिथे ही काळजी नाही.

बरं, आता तपासणी. यासाठी अँड लागतो, & हे चिन्ह. दोन्हीकडे १ असेल तिथेच उत्तरात १, बाकी सगळीकडे ०. मी याला चाळणी समजतो, ज्या जागेला भोक ठेवलंय तेवढंच खाली पडतं. समजा एका पोराचा डबा पोळी, भाजी आणि भात आहे, १ + २ + ८ = ११, बायनरीत १०११. भात आहे का बघायचंय तर भाताची चाळणी १०००:

१०११ & १००० = १०००

काहीतरी खाली पडलं, म्हणजे भात आहे. आमटीची चाळणी लावली तर:

१०११ & ०१०० = ००००

काहीच पडलं नाही, आमटी नाही. म्हणून सगळे जण शिकतात की (डबा & भात) != ०, म्हणजे शून्य नाही तर फ्लॅग आहे. आणि हे बरोबर आहे, जोपर्यंत चाळणीला एकच भोक आहे तोपर्यंत.

काकूंच्या तोंडात "हाफवाल्यांना चार पोळ्या" असं असायचं, फुलमध्ये हाफ येतोच म्हणून मी सरळ लिहिलं, (डबा & हाफ) != ० असेल तर चार पोळ्या धर. आता फक्त भाजीवाला पोरगा घ्या, त्याचा डबा ००१०. हाफची चाळणी ००११, दोन भोकं. ००१० & ००११ = ००१०. काहीतरी खाली पडलं! शून्य नाही, म्हणजे हाफ आहे, म्हणजे धर चार पोळ्या. असे पाच जण होते, पाच चोक वीस, काकूंचा हिशोब एकदम बरोबर होता.

खरी गोष्ट अशी आहे की "यात हाफ आहे का" हा एक प्रश्न दिसत असला तरी ते दोन प्रश्न आहेत. एक, हाफमधलं काहीही आहे का? दुसरा, हाफमधलं सगळं आहे का? फ्लॅग एकाच बिटचा असेल तर "काहीही" आणि "सगळं" याचं उत्तर एकच येतं, त्यामुळे आपल्याला फरक कधी जाणवतच नाही, वर्षानुवर्षं. आणि मग एक दिवस कुणीतरी एनममध्ये दोन बिट एकत्र करून सोयीचं नाव देतं आणि जुनी ओळ न बदलताही चुकायला लागते. लिहायचं असं:

काहीही आहे का: (डबा & हाफ) != ०
सगळं आहे का: (डबा & हाफ) == हाफ

दुसऱ्यात काय केलं बघा, चाळणीतून जे पडलं ते चाळणीच्या सगळ्या भोकांइतकं आहे का ते विचारलं. भाजीवाल्याचं ००१० पडलं, हाफ आहे ००११, जुळत नाही, पोळ्या नाहीत. आणि तिसराही एक प्रश्न असतो, नेमका हाफच आहे का, त्याहून जास्त काही नाही ना, त्याला चाळणी लागतच नाही, डबा == हाफ. "फक्त हाफवाले किती" असा आकडा काढताना हा लागतो, कारण "सगळं आहे का" विचारलं की फुलवालेही त्यात येतात.

(माझ्या केसमध्ये सगळ्यात बरं उत्तर खरं तर अजून सोपं होतं, पोळ्या मोजायच्यात तर हाफला कशाला विचारायचं, पोळीलाच विचारायचं, (डबा & पोळी) != ०. शेवटी तेच ठेवलं.)

डॉटनेटच्या, म्हणजे सी शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मच्या, स्वतःच्या एनममध्येही हे दिसतं. फाइल उघडताना फाइलअॅक्सेस देतो ना, त्यात रीड = १, राइट = २ आणि रीडराइट = ३. नुसती रीड असलेली फाइल घेऊन रीडराइटवर != ० केलं तर खरं येणार, आणि मग लिहायला गेलात की एक्सेप्शन. आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे सगळ्यात स्वच्छ कुठे दिसतं माहितीये का, लिनक्सच्या फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडमध्ये. परमिशन म्हणजे बिटच, वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, म्हणून ७५५ म्हणजे मालकाला ४ + २ + १ आणि बाकीच्यांना ४ + १. फाइंडमध्ये परमिशनवरून शोधताना आकड्याआधी वजा लावला तर "हे सगळे बिट असलेल्या फाइली", तिरकी रेघ लावली तर "यातला कुठलाही बिट असलेल्या", आणि काहीच न लावता नुसता आकडा दिला तर "नेमक्या एवढ्याच". तीन प्रश्न, तीन खुणा, माणसाला ठरवायलाच लावतात. प्रत्येक भाषेत असं असतं तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आता शून्याचं बोलू, कारण तिथे अजून एक खड्डा आहे. दिवाळीत पोरं गावी जातात तेव्हा डबा बंद, म्हणजे काहीनाही, म्हणजे ०. बंद डब्यांची यादी काढायची म्हणून कुणी (डबा & काहीनाही) == काहीनाही लिहिलं तर काय होईल? चाळणीला भोकच नाही. काहीही टाका, खाली शून्य पडणार, आणि शून्य बरोबर शून्य, म्हणजे प्रत्येकाचा डबा बंद, फुलवाल्याचासुद्धा. उलट != ० वाला प्रकार वापरला तर कुणाचाच बंद नाही. दोन्ही चूक, आणि दोन्ही गणिताच्या दृष्टीने बरोबर, कारण "रिकाम्या यादीतलं सगळं तुझ्याकडे आहे का" याला उत्तर हो हेच असतं आणि "रिकाम्या यादीतलं काही आहे का" याला नाही. शून्य तपासायचं तर सरळ डबा == काहीनाही. फाइंडमध्येसुद्धा तिरक्या रेघेपुढे सगळी शून्यं दिली तर काय उत्तर द्यायचं हे बनवणाऱ्यांनी नंतर बदललं, आधी एकही फाइल येत नसे, आता सगळ्या येतात, वजावाल्या प्रकाराशी जुळावं म्हणून. शून्याबद्दल एवढ्या जुन्या टूलला फेरविचार करावा लागला, तर आपल्या कोडमध्ये त्यासाठी वेगळी ओळ लिहायला काहीच हरकत नाही.

सी शार्पमध्ये हॅजफ्लॅग नावाची तयार मेथड आहे, २०१० साली डॉटनेट फ्रेमवर्क ४ मध्ये आली. ती "सगळं आहे का" हाच प्रश्न विचारते, म्हणजे माझी पोळ्यांची चूक तिने झाली नसती. पण तिला शून्य दिलं तर ती कायम खरं सांगते, वरच्याच कारणाने. सुरुवातीला ती हळू होती, आत बॉक्सिंग व्हायचं, म्हणजे प्रत्येक वेळी आकडा एका वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळला जायचा, म्हणून जुने लोक अजूनही ती वापरू नका म्हणतात, पण २०१८ च्या डॉटनेट कोअर २.१ पासून कंपायलर तिला ओळखून साध्या अँडमध्येच बदलतो, त्यामुळे नव्या प्रोजेक्टमध्ये ते कारण राहिलेलं नाही. वाचायला ती चांगली आहे, मी वापरतो. फक्त "काहीही आहे का" विचारायचं असेल तिथे ती चालत नाही, तिथे अँड हातानेच लिहावा लागतो.

आणि हाताने लिहाल तेव्हा कंस. कंस अजिबात विसरू नका. सी, सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट, सी शार्प या सगळ्यांत == हे & च्या आधी सोडवलं जातं. म्हणजे तुम्ही लिहिलं डबा & भात == भात, आणि भाषेने वाचलं डबा & (भात == भात). भात बरोबर भात हे तर खरंच आहे, सी मध्ये खरं म्हणजे १, म्हणजे राहिलं डबा & १. आणि १ कोण? पोळी! तुम्ही विचारलं भात आहे का आणि उत्तर मिळालं पोळीचं. बहुतेक डब्यांत पोळी असतेच, त्यामुळे टेस्टिंगमध्ये बरोबर चाललंय असंच वाटतं, हे सगळ्यात वाईट. जावा आणि सी शार्प इथे कंपाइलच करत नाहीत कारण आकडा आणि खरं-खोटं यांचा अँड त्यांना चालत नाही, पण सी आणि जावास्क्रिप्ट निमूटपणे चालवतात (सी चे कंपायलर वॉर्निंग सुरू असेल तर निदान टोकतात). हे असं का आहे याला इतिहास आहे. सी बनवणारे डेनिस रिची यांनी नंतर सांगितलंय की सुरुवातीला && नव्हतंच, अटी जोडायलाही एकच & वापरायचे, त्यामुळे == आधी सुटणं सोयीचं होतं. नंतर && आलं, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ची जागा बदलली नाही. १९७० च्या दशकातला तो निर्णय आपण आजही हिंजवडीत बसून कंसात भरतोय. पायथॉन, गो आणि रस्टने मात्र हा क्रम सुधारून घेतला.

अजून एक, > ० असं कधी तपासू नका, != ० च लिहा. ३२ बिटच्या साइन्ड इंटीजरमध्ये सगळ्यात डावीकडचा बिट ऋण चिन्हाचा असतो, त्या जागी फ्लॅग ठेवलात तर चाळणीतून −२,१४,७४,८३,६४८ पडतं, शून्य नाही पण शून्यापेक्षा मोठंही नाही, आणि तपासणी खोटं सांगते.

बेरीज-वजाबाकीचंही तसंच. भाजी वाढवायची तर डबा | भाजी, डबा + भाजी नाही, कारण आधीच भाजी असेल तर २ + २ = ४ होतं आणि भाजीची आमटी होते. काढायचं असेल तर डबा & ~भाजी, म्हणजे भाजी सोडून सगळीकडे भोक असलेली चाळणी. काढायला ^ वापरणारे पण बघितलेत, तो उलटवतो, असेल तर काढतो आणि नसेल तर घालतो, टॉगलच हवं असेल तरच वापरा.

जावात मी यातलं काहीच हाताने करत नाही, २००४ च्या जावा ५ पासून एनमसेट आहे, त्यात कंटेन्स आणि कंटेन्सऑल असे सरळ शब्दांत प्रश्न विचारता येतात, आणि एनममध्ये ६४ पर्यंत नावं असतील तर आतमध्ये तो एका लाँग आकड्याचे बिटच वापरतो. वेगही तोच आणि वरचे खड्डेही नाहीत.

आणि प्रत्येक गोष्टीला फ्लॅग लावायचा नसतो. काकूंनी नंतर तिखट कमी, मध्यम, जास्त असं हवंय म्हणून सांगितलं, माझा हात लगेच १६, ३२, ६४ कडे गेला. पण भाजी एकाच वेळी कमी तिखट आणि जास्त तिखट असू शकत नाही. फ्लॅग केले असते तर ९६ सारखी किंमत, म्हणजे मध्यम अधिक जास्त, आकड्यात बसली असती आणि तिचा अर्थ कुणालाच लागला नसता. तिखटाला वेगळा साधा एनम केला, ०, १, २.

शेवटचं जे झालं ते अजून ताजं आहे. उन्हाळा लागला तसं काकूंनी ठरवलं फुल डब्यात ताकही द्यायचं. मी ताक = १६ घातलं आणि फुल = हाफ | आमटी | भात | ताक केलं, म्हणजे फुल १५ चा ३१ झाला. कोडमध्ये तपासणी आता नीट होती, (डबा & फुल) == फुल. पण डेटाबेसमध्ये जुन्या सगळ्या पोरांच्या नावापुढे १५ लिहिलेलं होतं. १५ & ३१ = १५, आणि १५ काही ३१ नाही, म्हणजे एका रात्रीत एकही फुलवाला शिल्लक राहिला नाही. यावेळी लाइव्ह करायच्या आधी दिसलं. एकत्र केलेल्या नावाचा अर्थ बदलला की साठवलेले आकडे मागेच राहतात, त्यांना कुणी सांगायला जात नाही. आता प्रत्येक पोराचा प्लॅन, हाफ की फुल की स्वतःचा, वेगळ्या कॉलममध्ये आहे, आणि बिटचा आकडा त्या दिवशी डब्यात काय भरायचं एवढ्यापुरता सकाळी त्या प्लॅनवरून काढतो. जुन्या पोरांपैकी ज्यांचा आकडा नेमका १५ होता त्यांना फुल प्लॅन दिला, आणि तो शोधताना डबा == १५ हा तिसरा प्रश्न वापरला. ताक पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बरोबर गेलं.